स्लिपा दादांकडे जमा करा

निवडून आल्याचे अधिकृत पत्र मिळाल्यानंतर चौथ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, तिने नगरपरिषदेच्या कार्यालयात जाऊन लेखी कळवले की ही जागा ती स्वीकारत नाही. पत्र तीन ओळींचे होते. त्यात कारण दिलेले नव्हते. काउंटरवरच्या बाईने पोच दिली आणि सायकल समोरच्या कुंपणाला लावली असेल तर लगेच काढा, आज उचलताहेत, असे सांगितले. ती म्हणाली, मी चालत आले आहे.

त्याआधी चार वर्षे ती आमच्या शहराच्या नगरपरिषदेची सदस्य होती. शहर द हेगजवळचे, सकाळी ट्रेनने रिकामे होणारे आणि सहानंतर भरणारे. माझा नवरा स्लोटरडाइकला नोकरीला जातो. मी पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर अकरा वर्षे होते. इथे भाषांतराची कामे करते आणि तेव्हा शनिवारी मराठी शाळेत शिकवत असे. ती मूळची बसऱ्याची. चार वर्षांची असताना आईवडिलांबरोबर निर्वासित म्हणून इथे आली. वडील तिकडे इंजिनियर होते, इथे टोमॅटोच्या काचघरात काम करून निवृत्त झाले आणि वारले. ती आईबरोबर राहते.

ओळख शाळेमुळे झाली. गेमेंटेच्या, म्हणजे शहराच्या प्रशासनाच्या, मालकीच्या एका जुन्या शाळेत शनिवारी डाव्या हाताच्या खोलीत आमचा मराठीचा वर्ग भरायचा आणि उजव्या हाताच्या खोलीत अरबीचा. ती तिथे लहान मुलांना अक्षरे शिकवायची. मधल्या सुट्टीत दोन्हीकडची मुले एकाच कॉरिडॉरमध्ये डचमध्ये भांडायची.

एका वर्षी ही इमारत शनिवारी बंद ठेवायचा प्रस्ताव परिषदेत आला. तिने विरोध केला. मी त्या बैठकीला प्रेक्षकांच्या बाकावर होते. एका सदस्याने अरबी वर्गाबद्दल चार प्रश्न विचारले: शिकवते कोण, पैसे कोण देते, पुस्तक कोणते, मुले-मुली एकत्र बसतात का. मराठी वर्गाबद्दल त्याने एकही प्रश्न विचारला नाही. ते एक्सपॅट आहेत, त्यांचा काही त्रास नाही, एवढे म्हणाला. तिने उत्तर दिले, “दोन्ही वर्गांत मुलं अक्षरं गिरवतात आणि दोन्ही वर्गांत ती अकरा वाजता कंटाळतात. यापेक्षा गंभीर काही घडत असेल तर येऊन पाहा.” प्रस्ताव दोन मतांनी पडला. खोल्या राहिल्या. तो सदस्य पाहायला आला नाही.

तिला येणाऱ्या ईमेल ती छापून एका फाइलमध्ये ठेवत असे. पोलिसांनी तसे सांगितले होते. एकदा मला तिने फाइल दाखवली. काही पाने तिने स्वतःच वाचून दाखवली, बातम्या वाचाव्यात तशा आवाजात. “बहुतेकांना मी मोरोक्कन वाटते,” ती म्हणाली. “शिव्या द्या, पण देश तरी बरोबर लिहा. एकाला मी तसं कळवलंसुद्धा.”

“मग?”

“त्याने दुरुस्ती करून पुन्हा पाठवली.”

पक्षाच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर तिचा फोटो असायचा. या वेळच्या उमेदवार यादीत मात्र तिला बारावा क्रमांक मिळाला. गेल्या वेळी चौथा होता. पक्षाच्या गटनेत्याने तिला सांगितले की तू ओळखीची आहेस, तुला मते मिळतातच, वरच्या जागा नव्या लोकांना देऊ. पक्षाच्या चार किंवा पाच जागा येतील असा सगळ्यांचा अंदाज होता. म्हणजे बाराव्या क्रमांकावरून निवडून यायचे तर एकच मार्ग होता: लोकांनी यादीतल्या पहिल्या नावापुढचा गोल न रंगवता तिच्या नावापुढचा रंगवायचा. अशी वैयक्तिक मते ठरावीक संख्येच्या वर गेली की खालचा उमेदवार वरच्यांना ओलांडून आत जातो.

इथे पाच वर्षे राहिलेल्या परदेशी माणसाला नगरपरिषदेसाठी मत देता येते. आमच्या शहरातल्या बऱ्याच मराठी घरांना या वेळी पहिल्यांदा मताचा अधिकार आला होता. पुण्या-मुंबईहून नोकरीच्या परवान्यावर आलेली माणसे. अनेकांना आपण मत देऊ शकतो हेच माहीत नव्हते. फेब्रुवारीत तिने मला कॉरिडॉरमध्ये गाठून विचारले, “माझं पत्रक तुमच्या भाषेत करून देशील? पैसे देईन.” मी पैसे नको म्हटले.

पत्रक एका पानाचे होते. अडचण एका शब्दाची आली. मतदानाआधी प्रत्येक मतदाराच्या नावाने टपालाने एक कागद येतो, त्याला स्टेमपास म्हणतात. मतदानाचा पास, मतपत्र, मतदार ओळखचिठ्ठी असे पर्याय मी लिहून पाहिले. डेस्कवरची सवय अशी की वाचकाला अडखळायला लावणारा शब्द घ्यायचा नाही. आपल्याकडे निवडणुकीआधी पक्षाचा कार्यकर्ता घरी येऊन केंद्राचे नाव आणि यादीतला क्रमांक लिहिलेला कागद देतो, त्याला सगळे स्लिप म्हणतात. मी ‘स्लिप’ लिहिले.

शब्द सगळ्यांना समजला. पण आपल्याकडची स्लिप हरवली तरी काही बिघडत नाही. ओळखपत्र दाखवून मत देता येते. इथे तो कागद नसेल तर मत नाही, आणि मागे सही करून दुसऱ्याला दिला तर तुमचे मत त्याच्या हातात जाते. कायद्याने एका माणसाला स्वतःच्या मताबरोबर अशी दोन मते देता येतात. मात्र असे कागद मागत फिरणे, गोळा करणे हा गुन्हा आहे. पत्रकात मी तिने दिलेले वाक्य जसेच्या तसे भाषांतरित केले होते: मतदानाच्या दिवशी, बुधवारी, जमत नसेल तर स्लिपच्या मागे सही करून ती ओळखीच्या मतदाराला देता येते. गोळा करण्याबद्दलचे वाक्य मूळ पत्रकात नव्हते, म्हणून माझ्याही पत्रकात नव्हते.

पत्रक मी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला पाठवले. तो पिंपरीचा, आधी आइंडहोवनला आणि नंतर इकडे नोकरीला आलेला, वयाने माझ्याएवढाच. पण सगळे त्याला दादा म्हणत. विमानतळावर न्यायला येणे, भाड्याचे घर शोधून देणे, डॉक्टरांच्या दवाखान्यात नाव नोंदवून देणे ही कामे त्याने पन्नासेक घरांची केली असतील. तरुणपणी पिंपरीत मामा नगरसेवकाच्या निवडणुकीला उभा होता तेव्हा त्याने घरोघर स्लिपा वाटल्या होत्या. ते तो अभिमानाने सांगायचा.

त्याने ते मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. तिथे आधी थोडी कुरकुर झाली. एकाने लिहिले, अरब बाईला मत दिलं हे घरी कळलं तर बाबा फोन उचलायचे बंद होतील. दुसऱ्याने लिहिले, त्यांना सांगा डच बाईला दिलं, खोटं नाही. दादाने लिहिले, “शाळेची खोली कुणी वाचवली? तेव्हा तुमचे बाबा आले होते का? ताईंना मत द्यायचं, विषय संपला.” त्या दिवसापासून ग्रुपवर तिचे नाव ताई पडले. तिला हे मी सांगितले, अर्थही सांगितला. तिने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

मतदानाच्या आधीच्या शनिवारी दादाने पत्रकाचा फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला. खाली, तिच्या फोटोच्या आणि नावाच्या बरोबर खाली, त्याने मोबाइलवरच जाड अक्षरांत एक ओळ घातली होती:

ज्यांना ऑफिसमुळे जमणार नाही त्यांनी सही करून स्लिपा दादांकडे जमा करा.

दुपारी तीनच्या सुमारास मी ते पाहिले. त्यावर वीसेक अंगठे आले होते. मीही अंगठा टाकला.

बुधवारी मतदान झाले. एका केंद्रावर एक मराठी मुलगी स्वतःच्या मताबरोबर दोघांचे कागद घेऊन गेली. हे नियमात बसत होते. टेबलावरच्या माणसाने सहज विचारले की हे दोघे तुमचे शेजारी का. तिने खरे ते सांगितले: मी त्यांना ओळखत नाही, मला दादांनी दिले. माणसाने ते केंद्राच्या अहवालात लिहिले. तिथे नंतर असे आणखी तिघे आले.

गुरुवारी रात्रीपर्यंत तिची मते कळली. ठरावीक संख्येच्या वर ती गेली होती. मराठी मते वजा केली असती तरी गेली असती का, हे कुणी सांगू शकत नाही, कारण मते घरानुसार मोजत नाहीत.

शुक्रवारी दुपारी स्थानिक बातमीपत्राच्या संकेतस्थळावर बातमी आली. ग्रुपमधल्या कुणीतरी तो फोटो बाहेर दिला होता. कुणी दिला हे मला अजून माहीत नाही. बातमीदाराने मजकूर मशीनकडून डचमध्ये करून घेतला होता. मशीनने दादांचे ‘मोठा भाऊ’ केले आणि स्लिप तशीच ठेवली. डचमध्ये स्लिप म्हणजे चड्डी. बातमीत वाक्य असे आले: ज्यांना वेळ नाही त्यांनी सही करून आपली चड्डी मोठ्या भावाकडे जमा करावी. वर तिचा फोटो.

संध्याकाळी माझी मुलगी शाळेतून आली. ती चौदा वर्षांची आहे, मराठी समजते, बोलते डच. तिने फोन माझ्यापुढे धरला आणि विचारले, “आई, हा चड्ड्या गोळा करणारा मोठा भाऊ म्हणजे आपला दादाकाका का?”

मी म्हटले, “शाळेत कुणाला सांगू नकोस.”

“सांगितलं नाही. पण ते म्हणताहेत तो मशिदीतला माणूस आहे.”

तसेच चालले होते. अरबी वर्गाबद्दल चार प्रश्न विचारणाऱ्या सदस्याने सोशल मीडियावर लिहिले होते की हा मोठा भाऊ कोण, कोणत्या मशिदीत बसतो, याची चौकशी झाली पाहिजे. खाली चड्ड्यांचे फोटो होते. गेमेंटेने पोलिसांत तक्रार दिली. या गुन्ह्याला डचमध्ये जो शब्द आहे तो मी शब्दकोशात पाहिला. पूर्वी खलाशांना फसवून जहाजावर चढवत, त्यासाठी तो वापरत.

शनिवारी ती शाळेत आली. वर्ग तिने घेतला नाही, कोट न काढता कॉरिडॉरमध्ये उभी राहिली. मला म्हणाली, “माझ्या पत्रकात काय लिहिलंय, ओळ न् ओळ सांग.”

मी सांगितले. स्लिपच्या ठिकाणी तिने हात वर केला.

“हा तुमचा शब्द आहे?”

“इंग्रजीतून आलेला. आमच्याकडे कागदाच्या चिठ्ठीला म्हणतात.”

“तुला तीस शब्द सापडले असते.”

“हो.”

“शेवटची ओळ माझी नाही.”

“नाही.”

“कुणाची आहे?”

मी म्हटले, मला माहीत आहे, पण त्याने स्वतः येऊन सांगावे असे वाटते. दोन-तीन दिवस दे.

ती म्हणाली, “पक्षाने मला येत्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत वेळ दिलाय. तोवर तो माणूस पुढे आला आणि हिला यातलं काही माहीत नव्हतं असं म्हणाला तर ते माझ्या बाजूने उभे राहतील. नाहीतर गटातून काढतील. मग परिषदेत एकटं बसायचं किंवा जायचं.” मग म्हणाली, “आईच्या खिडकीवर काल अंडी मारली. तिला वाटलं पक्षी आपटला.”

त्याच दुपारी मी दादाकडे गेले. त्याची बायको दार उघडून आत गेली ती परत आली नाही. टेबलावर पेढ्यांचे रिकामे खोके होते. गोळा केलेले कागद त्याने त्यात ठेवले होते, हे त्यानेच सांगितले.

“वहिनी, मी काय चोरी केली का? लोकांची मदत केली. तुम्हीच लिहिलंत, स्लिप देता येते म्हणून.”

“गोळा करता येते असं नव्हतं लिहिलं.”

“देता येते म्हणजे कुणीतरी घेणारच ना? पिंपरीत मी ट्रंकभर वाटल्या आहेत.”

“तिथे वाटल्या होत्या, दादा. इथे गोळा केल्यात.”

तो म्हणाला, “नागरिकत्वाचा अर्ज टाकलाय. कोणत्याही दिवशी पत्र येईल. आत्ता पोलिसात नाव गेलं की चार वर्षं मागे. पोरांचंही त्यातच आहे. पत्र येऊ दे, मी स्वतः जातो. तुमच्या गळ्याची शपथ.”

“तिच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ आहे.”

“त्या राजकारणात आहेत, वहिनी. त्यांना असल्या गोष्टींची सवय असते.”

रविवारी ग्रुपवर दादाने लिहिले की कुणी काही विचारले तर आपल्याला काही माहीत नाही. त्यावर अंगठे आले. मोजले नाहीत. सोमवारी तिला निवडून आल्याचे पत्र मिळाले. मंगळवारी मी दादाला फोन केला, त्याने उचलला नाही. बुधवारी उचलला आणि म्हणाला, वकिलाशी बोलतोय.

बुधवारीच मी स्थानिक बातमीपत्राच्या बातमीदाराला फोन केला. सांगितले की मोठा भाऊ हे नाव नाही, नाते आहे. तो माणूस मराठी आहे, मशिदीशी त्याचा संबंध नाही. शेवटची ओळ नगरसेविकेने लिहिलेली नाही, तिला ती वाचताही येत नाही. त्याने विचारले, तुमचे नाव देऊ का. मी म्हटले, हो. त्याने विचारले, त्या माणसाचे नाव? मी म्हटले, ते मी देणार नाही. तो म्हणाला, “मग माझ्याकडे एका मैत्रिणीचं म्हणणं आहे, बातमी नाही.” मी डेस्कवर असते तर हेच म्हणाले असते. पत्रकाचे भाषांतर मी केले होते हेही त्याला सांगितले. ते मात्र त्याने छापले.

गुरुवारी संध्याकाळी मी पोलिसांना फोन केला आणि जबाब द्यायचा आहे, नावासकट, असे सांगितले. जबाबासाठी वेळ घ्यावी लागते. पहिली मोकळी वेळ मंगळवारी सकाळी साडेनऊची होती. मी ती घेतली. हे मी तिला मेसेज करून कळवले. तिचे उत्तर आले: धन्यवाद. मंगळवार शुक्रवारनंतर येतो.

शुक्रवारी सकाळी तिने पत्र दिले. दुपारी मला भेटली, स्टेशनजवळच्या बाकावर. सकाळचे सगळे सांगितले, काउंटरवरच्या बाईचेसुद्धा. मी विचारले, एकटी का नाही बसलीस, जागा तुझी होती.

“चार वर्षं मी प्रत्येक प्रश्नाच्या आधी सांगत आले की मी इथलीच आहे. आता त्याआधी चड्डीचं सांगावं लागलं असतं. माझ्या बोलण्याची वेळ तीन मिनिटांची असते.”

तिने दादाबद्दल विचारले नाही. अरबी वर्ग पुढे दुसरे कुणी घेईल, असे तिने सांगितले आणि ट्रेन आली तशी ती गेली.

मंगळवारी मी जबाब दिला. तो दीड तास चालला. अंगठ्याचेही सांगितले. अधिकाऱ्याने विचारले, दादा हे आडनाव का. मी शब्द समजावून सांगितला, त्याने तो लिहून घेतला. त्या आठवड्यात पोलिस दादाकडे गेले. त्याच संध्याकाळी मला ग्रुपमधून काढण्यात आले. मराठी शाळेने पुढच्या शनिवारसाठी दुसऱ्या शिक्षिकेची सोय झाल्याचे ईमेलने कळवले. मुलगी शनिवारी जायला तयार नव्हती, आम्ही आग्रह केला नाही.

दादाने गोळा केल्याचे कबूल केले. नगरसेविकेला यातले काही माहीत नव्हते, असेही त्याने जबाबात सांगितले. हे मला त्याच्या वकिलाकडून कळले. त्याच्या अर्जाचे काय झाले ते माहीत नाही. त्याच्या घरावर मध्यंतरी भाड्याने देण्याची पाटी होती, ती नंतर निघाली. तो शहरातच आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिला सरकारी वकिलाच्या कार्यालयाचे पत्र आले. तिने त्याचा फोटो मला पाठवला, सोबत काही लिहिले नव्हते. पत्रात म्हटले होते की संबंधित ओळ तिने लिहिली किंवा तिला तिची माहिती होती याचा कोणताही पुरावा सापडलेला नाही आणि तिच्याविरुद्धची चौकशी बंद करण्यात येत आहे. ते पत्र आले तेव्हा तिच्या जागेवर पक्षाच्या यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराने शपथ घेऊन दोन महिने झाले होते.